विश्लेषण : जुन्या ई-स्कूटरची बॅटरी बदलायची की गाडीच बदलायची? वॉरंटी संपल्यावर ग्राहकासमोर कोणते पर्याय?

२०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लाखो कुटुंबांनी विजेवर चालणारी दुचाकी घरी आणली. पेट्रोलचा खर्च वाचला, पण आता त्या गाड्यांच्या बॅटऱ्या थकू लागल्या आहेत. एका चार्जमध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर जाणारी गाडी पन्नास-साठवर आली आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या बॅटरीची किंमत ऐकल्यावर अनेकांना धक्का बसतो, कारण ती नव्या गाडीच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही अधिक असते. अशा वेळी काय करावे, बाहेरून स्वस्तात बॅटरी बसवणे कितपत सुरक्षित आहे आणि सरकारी धोरणात या ग्राहकाला जागा आहे का, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का उद्भवला?

याचे उत्तर विक्रीच्या आकड्यांत आणि वॉरंटीच्या मुदतीत आहे. केंद्राच्या 'वाहन' पोर्टलवरील नोंदींनुसार २०२१-२२ या आर्थिक वर्षात देशात सुमारे अडीच लाख विद्युत दुचाकींची नोंदणी झाली. २०२२-२३ मध्ये हा आकडा सात लाखांच्या पुढे, २०२३-२४ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास आणि २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या घरात पोहोचला. यांपैकी २०२३-२४ पर्यंतच्या बहुतांश गाड्या केंद्राच्या 'फेम-२' योजनेच्या अनुदानावर विकल्या गेल्या. ही योजना १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळात होती. अनुदान मिळवण्यासाठी कंपनीला बॅटरीसह गाडीवर किमान तीन वर्षांची वॉरंटी देणे बंधनकारक होते. बहुतेक कंपन्यांनी तेवढीच दिली.

म्हणजे २०२२-२३ मध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांची तीन वर्षे २०२५-२६ मध्ये भरतात, तर २०२३-२४ मधील गाड्यांची २०२६-२७ मध्ये. दरवर्षी वॉरंटीच्या कवचाबाहेर पडणाऱ्या गाड्यांची संख्या आता लाखांत आहे. २०२४ पासून काही मोठ्या कंपन्यांनी आठ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंतची बॅटरी वॉरंटी देण्यास सुरुवात केली. मात्र आधी गाडी घेतलेल्या सगळ्यांनाच तिचा लाभ मिळाला असे नाही.

बॅटरी 'थकते' म्हणजे नेमके काय होते?

स्कूटरची बॅटरी ही एकच वस्तू दिसत असली, तरी आत डझनावारी लहान सेल असतात. हे सेल ठरावीक पद्धतीने जोडून ४८, ६० किंवा ७२ व्होल्टचा पॅक तयार होतो. प्रत्येक चार्ज-डिस्चार्जबरोबर सेलमध्ये नको असलेल्या रासायनिक क्रिया थोड्या थोड्या होतात. त्यामुळे सेलची वीज साठवण्याची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. क्षमता घटली की गाडी कमी अंतर जाते. रोध वाढला की चढावर किंवा डबलसीट असताना व्होल्टेज एकदम खाली येते आणि चार्ज वीस टक्के दिसत असतानाच गाडी बंद पडते.

भारतातील बऱ्याच जुन्या ई-स्कूटरमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे लिथियम-आयन सेल आहेत. ते हलके असतात आणि कमी जागेत जास्त वीज साठवतात. चांगल्या स्थितीत त्यांचे साधारण ८०० ते १,००० पूर्ण चार्ज सहज निघतात. लोह-फॉस्फेट प्रकारचे, म्हणजेच एलएफपी सेल तुलनेने जड, पण उष्णतेला अधिक टिकाऊ असतात आणि त्यांचे दोन हजारांहून अधिक चार्ज होऊ शकतात.

वापराइतकेच वयही बॅटरीला थकवते. गाडी उभी असली तरी सेलमधील रासायनिक क्रिया सुरूच राहतात आणि उन्हात त्या वेगाने होतात. त्यामुळे नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात उघड्यावर, पूर्ण चार्ज करून उभी ठेवलेली गाडी सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर क्षीण होते. दुसरे टोकही तितकेच वाईट. चार्ज शून्यावर असताना गाडी दोन-तीन महिने तशीच ठेवली, तर सेलचे व्होल्टेज सुरक्षित मर्यादेखाली जाते आणि चांगली बॅटरीही कायमची निकामी होऊ शकते.

क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की वाहनासाठी बॅटरीचे आयुष्य संपत आले, असे उद्योगात मानले जाते. वॉरंटीतही बहुधा ७० टक्क्यांचीच रेषा असते. नवी असताना ९० किलोमीटर जाणारी गाडी या रेषेवर ६३ किलोमीटर जाते. रोज २० किलोमीटर फिरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. ज्याचे कामाचे ठिकाण ३० किलोमीटरवर आहे, त्याला मात्र संध्याकाळी घरी पोहोचू की नाही, याची धाकधूक रोजची होते.

बॅटरीच गेली आहे, हे कशावरून ठरवायचे?

अंतर कमी झाले म्हणजे बॅटरी गेलीच, असे नाही. टायरमध्ये हवा कमी असणे, ब्रेक घासत राहणे, चार्जर बिघडल्यामुळे चार्ज अपुरा होणे, जोडणीचे टोक सैल किंवा गंजलेले असणे अशी साधी कारणेही असतात. काही मॉडेलांत दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती गेली तर गाडी सुरूच होत नाही आणि दोष मुख्य बॅटरीवर जातो.

आणखी एक कारण म्हणजे सेलमधील असमतोल. मालिकेत जोडलेल्या सेलपैकी एखादा गट अशक्त झाला की तो आधी रिकामा होतो आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजेच बीएमएस, संपूर्ण पॅक बंद करते. बाकीच्या सेलमध्ये वीज शिल्लक असूनही ती वापरता येत नाही. असमतोल किरकोळ असेल, तर अनेक पॅकमध्ये पूर्ण चार्ज झाल्यावरही चार्जर काही तास जोडलेला ठेवल्यास बीएमएस सेलची पातळी पुन्हा जुळवून घेते. तरीही उपयोग झाला नाही, तर एखादाच गट बदलून काम भागू शकते.

घरच्या घरी करता येणारी चाचणी सोपी आहे. गाडी पूर्ण चार्ज करायची, नेहमीच्याच रस्त्यावर, त्याच मोडमध्ये आणि एकट्यानेच चालवायची. चार्ज वीस टक्क्यांवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले, याची नोंद ठेवायची. दोन-तीन वेळा हे केले की चित्र स्पष्ट होते. तुलना जाहिरातीतल्या आकड्याशी नव्हे, तर गाडी नवी असताना प्रत्यक्ष मिळणाऱ्या अंतराशी करायला हवी. त्यानंतर सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल मागावा. वॉरंटी संपायला दोन-तीन महिने उरले असतील, तर हा अहवाल सर्वांत महत्त्वाचा ठरतो. मुदतीत नोंदवलेल्या तक्रारीचा पुरावा हाती असेल, तर पुढे दाद मागणे सोपे जाते.

नवी बॅटरी इतकी महाग का?

ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम-आयन पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासामागे ११५ डॉलरवर आली. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. त्या हिशेबाने तीन युनिट क्षमतेचा पॅक तीस हजार रुपयांच्या आसपास मिळायला हवा. प्रत्यक्षात तीन ते चार युनिट क्षमतेच्या पॅकसाठी ग्राहकाला साधारण ५० ते ९० हजार रुपये मोजावे लागतात.

या तफावतीची कारणे अनेक आहेत. जागतिक सरासरीत चीनमधील मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा वाटा मोठा असतो. भारतात मात्र सेल बहुतांशी आयात होतात. दुचाकीचा पॅक लहान असला तरी त्यालाही स्वतंत्र बीएमएस, जलरोधक पेटी आणि चाचण्या लागतात, त्यामुळे युनिटमागे खर्च वाढतो. त्यातच प्रत्येक मॉडेलचा पॅक आकाराने, व्होल्टेजने आणि जोडणीने वेगळा. पेट्रोल स्कूटरचा प्लग कोणत्याही दुकानात मिळतो, ई-स्कूटरची बॅटरी मात्र एकाच कंपनीकडे मिळते. स्पर्धा नसली की किमतीवर दबाव राहत नाही.

कररचनाही जुन्या गाडीच्या मालकाच्या विरोधात जाते. विद्युत वाहनावर जीएसटी ५ टक्के आहे. मात्र हीच बॅटरी सुटी विकत घेतली तर १८ टक्के. करापूर्वी ५० हजारांच्या बॅटरीवर ९ हजार रुपये कर बसतो. वाहनाचाच दर लावला असता, तर तो अडीच हजार असता. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनंतर ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील दरही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ई-स्कूटर चालू ठेवण्यासाठी लागणारी बॅटरी आणि नवी पेट्रोल स्कूटर हे दोन्ही आज एकाच करटप्प्यात आहेत.

बॅटरी बदलणे कोणाला परवडते?

हे रोज किती किलोमीटर चालवले जाते, यावर ठरते. एक ढोबळ हिशेब असा. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये ३० पैसे खर्च येतो. ई-स्कूटरला ८० किलोमीटरसाठी चार्जिंगमधील नुकसानासह साधारण ३.४ युनिट लागतात. नऊ रुपये युनिट धरले, तर किलोमीटरला ३८ पैसे पडतात. बचत सुमारे १ रुपया ९० पैसे. नवी बॅटरी ६० हजारांना पडली, तर ती रक्कम वसूल होण्यासाठी गाडी ३१ ते ३२ हजार किलोमीटर चालवावी लागेल.

रोज १० किलोमीटर आणि वर्षातून ३०० दिवस चालवणाऱ्याला यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याआधीच नवी बॅटरीही वयाने थकेल. अशा व्यक्तीने घटलेल्या क्षमतेतच गाडी चालवत राहणे अधिक शहाणपणाचे. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल होतात. घरपोच सेवा देणारा कामगार दिवसाला १०० किलोमीटर फिरतो. त्याला हा खर्च वर्षभरातच भरून निघतो, पण एकरकमी ६० हजार उभे करणे त्यालाच सर्वांत कठीण जाते. नव्या गाडीसाठी शोरूममध्येच कर्ज मिळते, जुन्या गाडीच्या बॅटरीसाठी मात्र बहुतेकांना वैयक्तिक कर्ज किंवा उसनवारी करावी लागते.

दुसरी तुलना नव्या ई-स्कूटरशी करावी लागते. साधारण तीन युनिट क्षमतेची नवी गाडी लाखाच्या आसपास मिळते. तिला नवी वॉरंटी असते आणि सरकारी सवलतही असते. जुनी गाडी बॅटरीशिवाय विकायला गेले, तर जेमतेम भंगाराच्या वरची किंमत येते. त्यामुळे मोटर, कंट्रोलर आणि सांगाडा धडधाकट असेल, कंपनीचे सेवा केंद्र सुरू असेल आणि नव्या बॅटरीवर किमान तीन वर्षांची लेखी वॉरंटी मिळत असेल, तरच बॅटरी बदलण्याचा व्यवहार जमतो. बॅटरीची किंमत नव्या गाडीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर गेली, की गाडी बदलण्याकडे पारडे झुकते.

कंपनीच बंद पडली तर?

या क्षेत्रात सुरुवातीला आलेल्या अनेक कंपन्या आज अडचणीत आहेत किंवा बाजारातून बाहेर पडल्या आहेत. सर्वांत ठळक उदाहरण हीरो इलेक्ट्रिकचे. २०२१ मध्ये विद्युत दुचाकींच्या विक्रीत ही कंपनी आघाडीवर होती. पुढे देशी बनावटीच्या सुट्या भागांची अट न पाळल्याचा ठपका ठेवून केंद्राने काही कंपन्यांचे 'फेम-२' अनुदान रोखले आणि दिलेले अनुदान परत मागितले. त्यांत या कंपनीचाही समावेश होता. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला.

अशी प्रक्रिया सुरू झाली की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुलीची कारवाई थांबते. वॉरंटीची रक्कम किंवा नुकसानभरपाई हवी असेल, तर ग्राहकाला न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा दाखल करावा लागतो. रांगेत बँका आणि इतर मोठे देणेकरी असताना एका स्कूटरमालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. गाडी त्याचीच, नोंदणीही वैध, पण बॅटरी मिळण्याचा अधिकृत मार्ग बंद. अशा 'अनाथ' गाड्यांचे मालक मग गल्लीतल्या कारागिराकडे वळतात.

बाहेरून बॅटरी बसवण्यात धोका कोणता?

सगळेच स्थानिक कारागीर वाईट काम करतात, असे नाही. अनेकांनी अनुभवातून चांगले कसब मिळवले आहे. पण लिथियम बॅटरीत चुकीला क्षमा नसते. जुन्या आणि नव्या सेलची सरमिसळ केली, तर अशक्त सेलवर ताण येतो. लॅपटॉपमधून काढलेले किंवा ग्रेडिंगमध्ये नापास झालेले सेल वापरले, तर किंमत कमी होते, पण भरवसा उरत नाही. सेल जोडताना स्पॉट वेल्डिंगऐवजी थेट सोल्डरिंग केले, तर उष्णतेने सेलला आतून इजा होऊ शकते.

चार्जरची गफलत सर्वांत घातक. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेल ४.२ व्होल्टला पूर्ण चार्ज होतो, तर एलएफपी सेल ३.६५ व्होल्टला. त्यामुळे पॅकचा प्रकार बदलला आणि जुनाच चार्जर ठेवला, तर व्होल्टेज जुळत नाही. त्यात बीएमएस निकृष्ट असेल, तर सेल अतिचार्ज होऊन पेट घेऊ शकतो. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि ही साखळी पाण्याने सहजी थांबत नाही.

या धोक्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यालगत उभ्या असलेल्या ई-स्कूटरला आग लागल्याची चित्रफीत देशभर पसरली. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादमधील एका हॉटेलच्या तळघरातील ई-स्कूटर शोरूममध्ये आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला.

या घटनांनंतर केंद्राने 'एआयएस-१५६' या सुरक्षा मानकात दुरुस्ती केली आणि ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. सेलमध्ये पुरेसे अंतर, वायू बाहेर पडण्याची वाट, पाण्यापासून संरक्षण, अतिउष्णतेचा इशारा, सक्षम बीएमएस अशा अटी त्यात आहेत. चाचण्या पुण्यातील 'एआरएआय'सारख्या संस्था करतात. पण ही मंजुरी कंपनीने सादर केलेल्या विशिष्ट नमुन्याला मिळते. दुकानात जुळवलेला पॅक या चाळणीतून गेलेला नसतो. शिवाय मानक कडक होण्यापूर्वी विकल्या गेलेल्या गाड्यांच्याच बॅटऱ्या आता थकत आहेत, म्हणजे मुळातच कमी सुरक्षित असलेल्या पॅकमध्ये दुरुस्तीचे प्रयोग होत आहेत.

कायदा काय सांगतो?

कंपनीने मंजूर केलेली, त्याच नमुन्याची बॅटरी बसवणे म्हणजे सुटा भाग बदलणे. त्यात अडचण नाही. पण व्होल्टेज किंवा शक्ती वाढवून गाडीचे मूळ स्वरूप बदलले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात किंवा आग झाल्यास विमा कंपनीही अशा फेरफारावर बोट ठेवून दावा अडवू शकते.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या गाड्यांना नोंदणी आणि परवाना लागत नाही. त्यांच्यापैकी अनेकींमध्ये शिसे-आम्ल प्रकारच्या चार किंवा पाच बॅटऱ्या असतात आणि त्या वर्ष-दोन वर्षांतच बदलाव्या लागतात. त्याऐवजी लिथियम पॅक बसवला, तर वजन घटते आणि आयुष्य वाढते. मात्र त्यासोबत चार्जर बदलणे अत्यावश्यक आहे. या संधीचा फायदा घेऊन वेगमर्यादा काढली, तर ती गाडी सवलतीच्या व्याख्येबाहेर जाते आणि विनानोंदणी, विनाविमा वाहन ठरते.

ग्राहकाकडे दाद मागण्याचे मार्गही आहेत. वॉरंटीतील बॅटरी नाकारली किंवा सुटा भाग महिनोन्महिने मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार करता येते. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगात जाता येते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. मात्र पोर्टलवर माहिती देणे हे कंपन्यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. सुटे भाग अमुक वर्षे पुरवलेच पाहिजेत, असा बंधनकारक नियम त्यातून आलेला नाही.

काढलेल्या जुन्या बॅटरीचे काय करायचे?

ती भंगारवाल्याला देणे किंवा कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ग्राहकानेही ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायची आहे. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून ९० टक्के सामग्री परत मिळवण्याचे लक्ष्य या नियमांत आहे.

जुन्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल, लिथियम आणि तांबे असते. सत्तर टक्के क्षमता उरलेले सेल इन्व्हर्टर किंवा सौरऊर्जा साठवण्यासाठी काही वर्षे वापरता येतात. म्हणजे तिला किंमत आहे. त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनीची वजावट किती मिळणार, हा प्रश्न ग्राहकाने हक्काने विचारायला हवा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायला हवे.

युरोपने काय केले?

युरोपीय संघाचा बॅटरी नियम ऑगस्ट २०२३ मध्ये अमलात आला. त्यातील एक तरतूद ई-सायकली, ई-स्कूटर अशा हलक्या वाहनांसाठी आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून या वाहनांची बॅटरी, इतकेच नव्हे तर पॅकमधील सेलही, कोणत्याही स्वतंत्र व्यावसायिक कारागिराला काढता आणि बदलता आले पाहिजेत. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सुटी बॅटरी वाजवी दरात उपलब्ध ठेवावी लागेल. सॉफ्टवेअरचे कुलूप घालून दुसरी सुसंगत बॅटरी बसवणे अडवता येणार नाही. शिवाय प्रत्येक बॅटरीला डिजिटल ओळखपत्र असेल.

शेवटचे दोन मुद्दे भारतासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. अनेक आधुनिक स्कूटरमध्ये बॅटरीचा बीएमएस आणि गाडीचा कंट्रोलर एकमेकांना ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. सुरक्षेसाठी ही व्यवस्था उपयोगी आहे. पण कंपनी बंद पडली, तर याच व्यवस्थेमुळे धडधाकट गाडी कायमची उभी राहते.

भारतात पुढे काय?

भारताचे आजवरचे सगळे प्रोत्साहन नव्या गाडीच्या विक्रीभोवती फिरले. 'फेम-२' नंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतील दुचाकींसाठीचे अनुदान पहिल्या वर्षी युनिटमागे पाच हजार आणि नंतर अडीच हजार रुपये होते, पण तेही नव्या वाहनालाच. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातील दुचाकींवरील दहा टक्के सवलतही नव्या खरेदीसाठीच आहे. जुनी गाडी आणखी पाच वर्षे चालवू पाहणाऱ्याला या सगळ्यात काहीच मिळत नाही.

बॅटरी अदलाबदलीचा किंवा भाड्याने घेण्याचा मार्ग हा भार हलका करू शकतो. केंद्राने ऑगस्ट २०२० मध्येच बॅटरीशिवाय विद्युत दुचाकीची विक्री आणि नोंदणी करण्यास मुभा दिली. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये अदलाबदल धोरणाचा मसुदाही मांडला. काही कंपन्या आता बॅटरी भाड्याने देतात. पण सर्व कंपन्यांसाठी एकच मापाची, एकच जोडणीची बॅटरी बंधनकारक झालेली नाही आणि जुन्या गाड्या या व्यवस्थेत बसत नाहीत.

सुट्या बॅटरीवरील कर वाहनाच्या पातळीवर आणणे, सुट्या भागांच्या पुरवठ्याची किमान मुदत ठरवणे, बंद पडलेल्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांची तांत्रिक माहिती चाचणी झालेल्या स्वतंत्र उत्पादकांसाठी खुली करणे आणि बदली पॅकसाठी वेगळी मंजुरीपद्धत आखणे, हे उपाय अवघड नाहीत. ते झाले नाहीत, तर दोनच गोष्टी घडतील. काही जण पेट्रोलकडे परततील आणि बाकीचे, खिशाला परवडेल तो पॅक बसवून, तो रात्री घरात चार्जिंगला लावतील. पहिल्यात सरकारने अनुदानावर खर्च केलेला पैसा वाया जातो. दुसऱ्यात जिवाशी खेळ होतो. विद्युत दुचाकीवरचा लोकांचा विश्वास शोरूममध्ये मिळणाऱ्या सवलतीपेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षी येणाऱ्या या बिलावर अधिक अवलंबून राहणार आहे.